हॉटेलचं बिल आणि निर्वासितांचा प्रश्न

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटलं असेल तर लक्षात येईल. तुम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर इंग्लंडला आलात. टॅक्स भरता, वर प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज भरता. सरकारी भत्ता मागायचा नाही ही अट व्हिसावरच आहे. कायम वास्तव्यासाठी पाच वर्षं होती, ती दहा करण्याच्या प्रस्तावाची टांगती तलवार डोक्यावर आहे. आणि तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा हॉटेलात सरकारने आश्रय मागणाऱ्यांना ठेवलंय. त्यावरून महाराष्ट्र मंडळात जुंपली. एक गट म्हणतो, आयजीच्या जिवावर बायजी उदार, पैसे आपले आणि दानधर्म सरकारचा. दुसरा गट म्हणतो, आपण स्वतः परदेशातून आलेलो, दुसऱ्यासाठी दार बंद करा म्हणायला जीभ कशी रेटते? तुम्ही विचारलंय की यात बरोबर कोण, आणि सरकार जे आकडे देतं त्यावर भरवसा ठेवायचा का.

मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हिशेब विभागात बरीच वर्षं आहे. बेघरांची तात्पुरती घरं आणि सांभाळाखालची मुलं, या दोन खात्यांचे आकडे माझ्या टेबलावरून जातात. राजकारण माझा प्रांत नाही. पण पैसा कुठून निघतो आणि कुठे मुरतो हे रोज दिसतं, तेवढ्यापुरतं अधिकाराने बोलते.

मंडळात तुम्ही ज्याला एक भांडण समजताय ती दोन आहेत. माणसांना आश्रय द्यायचा की नाही, हे पहिलं. सरकार पैसा नीट खर्च करतं का, हे दुसरं. दोन्ही एकमेकांत अडकली की दोन्ही बाजू चुकीच्या जागी जोर लावतात. खर्चावर चिडलेला माणूस हॉटेलच्या दारात उभ्या असलेल्या पोरावर ओरडतो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. माणुसकीवाला खर्चाचं नाव काढलं की कानावर हात ठेवतो, कारण हिशेब विचारला तर आपण विरोधकांच्या पंगतीत बसलो असं त्याला वाटतं.

तेव्हा आधी पैसा बघू.

२०२४-२५ मध्ये हॉटेलात एका माणसाचा एका रात्रीचा खर्च साधारण १४५ पाउंड आला. त्याच माणसाला साध्या भाड्याच्या घरात, चारजणांत एक स्वयंपाकघर अशा व्यवस्थेत ठेवलं तर तो २३ पाउंडांच्या आसपास येतो. हॉटेलात जेवण मिळतं म्हणून त्या माणसाच्या हातात आठवड्याला ९ पाउंड ९५ पेन्स पडतात, म्हणजे दिवसाला दीड पाउंडही नाही. तुमच्या मंडळातल्या काकांनी ‘त्यांना फुकट हॉटेल, हातात पैसे’ असं लिहिलं असेल तर त्यांना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवा. माणसाच्या हातात दीड पाउंडही नाही. ते १४५ हॉटेलमालक, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, सुरक्षारक्षक, केटरर.

ही कंत्राटं २०१९ साली दहा वर्षांसाठी सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज या तीन कंपन्यांना विभागवार दिली गेली. दहा वर्षांचा मूळ अंदाज साडेचार अब्ज पाउंड. मे २०२५ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने सांगितलं की आता तो १५.३ अब्जांवर जाईल. नॅशनल ऑडिट ऑफिस म्हणजे आपल्याकडच्या कॅगसारखी संस्था, थेट संसदेला उत्तर देणारी. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. सरकारने ठेवलेल्यांपैकी हॉटेलात राहणारे साधारण ३५ टक्के, आणि कंत्राटांच्या खर्चात हॉटेलांचा वाटा ७६ टक्के. सगळी गोम इथे आहे. माणसं वाढली, पण नुसती त्यामुळे खर्च तिप्पट झालेला नाही. महागड्या जागेत, फार काळ ठेवल्यामुळे झाला.

फार काळ का? अर्जांचा निकाल लागत नव्हता म्हणून. जून २०२३ मध्ये पहिल्या निर्णयाची वाट बघणारे पावणेदोन लाखांच्या घरात होते. या काळात त्यांना काम करायची परवानगी नसते. बारा महिने उलटले आणि उशीर त्यांच्यामुळे नसेल, तर अर्ज करता येतो, पण ठराविक यादीतल्याच कामांसाठी. म्हणजे कमवायचं नाही, जायचंही नाही, नुसतं थांबायचं. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षासारखं, गाडी जागची हलत नाही आणि मीटर पळतंय. पुढे निर्णय वेगाने व्हायला लागले आणि जून २०२५ पर्यंत ती संख्या ९१ हजारांच्या आसपास आली. सप्टेंबर २०२३ मध्ये हॉटेलांत ५६ हजार लोक होते, ते जून २०२५ मध्ये ३२ हजार झाले. पण नकार मिळालेले अपिलात गेले आणि ट्रिब्युनलची रांग ५० हजारांवर पोचली. एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर गेली, मीटर चालूच.

आता भरवशाचं. सरकारवर भरवसा ठेवा असं मी कुणाला सांगत नाही. हिशेबतपासणीत वाढलेल्या बाईकडून ती अपेक्षाही ठेवू नका. पण अविश्वास नेमका कशावर ठेवायचा, हे बघा.

पहिली गोष्ट अंदाजपत्रकाची. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिलं की २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत गृहखात्याने आश्रय, सीमा, व्हिसा आणि पासपोर्ट यांच्या कामासाठी सुरुवातीला सरासरी वर्षाला ११ कोटी पाउंड दाखवले, आणि प्रत्यक्षात सरासरी २.६ अब्ज खर्च झाले. दरवर्षी तेच. आधी चिमूटभर दाखवायचं, मग वर्षाच्या शेवटी पुरवणी मागणी आणि राखीव निधीला हात. माझ्या खात्यात एखाद्या मॅनेजरने एक वर्ष असं केलं तर मी त्याला आणीबाणी समजेन. दुसऱ्या वर्षी त्याला बोलावून घेईन. तिसऱ्या वर्षी मी म्हणेन, हा मुद्दाम करतोय. खरा आकडा आधीच सांगितला असता तर संसदेत आधीच चर्चा झाली असती, आणि ‘एवढ्या पैशात घरं विकत घेता आली असती की’ असं कुणीतरी विचारलं असतं.

दुसरी गोष्ट घाईच्या खरेदीची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बेक्सहिलला नॉर्थआय नावाचा जुना तुरुंग आहे. आधीच्या मालकांनी तो ६३ लाख पाउंडांना घेतला होता. साधारण वर्षभरात गृहखात्याने तो त्यांच्याकडून १ कोटी ५४ लाखांना घेतला. इमारतीत ॲस्बेस्टॉस आहे, दुरुस्तीला भरमसाट पैसा लागेल, हे कागदावर दिसत होतं, तरी. तिथे एकही आश्रयार्थी राहिला नाही. आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेत रवांडाला पाठवून द्यायची योजना तर सगळ्यांना माहीत आहे. सरकार बदलल्यावर नव्या गृहमंत्र्यांनी सांगितलेला खर्च ७० कोटी पाउंड, आणि गेले चारजण, तेही राजीखुशीने. गंमत अशी की हा खर्च निर्वासितांना ‘घेण्यावर’ झालेला नाही, ‘न घेण्यावर’ झाला. मंडळातले उधळपट्टीवर चिडणारे लोक याबद्दल सहसा बोलत नाहीत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्यातून एक यादी चुकून बाहेर गेली. ब्रिटिश फौजेबरोबर काम केल्यामुळे ब्रिटनकडे आसरा मागणाऱ्या जवळपास १९ हजार अफगाणांची माहिती तिच्यात होती. तालिबानच्या हाती ती पडली तर त्यांचं काय होईल या भीतीने गुपचूप एक योजना काढून लोकांना आणायला सुरुवात झाली, आणि कोर्टाचा असा मनाई हुकूम घेतला गेला की हुकूम आहे हेसुद्धा छापायचं नाही. तो जुलै २०२५ मध्ये उठला. त्या योजनेवर तोवर सुमारे ४० कोटी पाउंड गेले होते आणि एकूण ८५ कोटी जातील असा सरकारी अंदाज होता. संसदेत यावर चर्चा झालीच नाही, कारण बहुतेक खासदारांना पत्ताच नव्हता. त्या माणसांना आणायलाच हवं होतं असं माझं मत आहे. ज्यांनी तुमच्यासाठी दुभाषाचं काम केलं आणि ज्यांची नावं तुमच्याच चुकीने फुटली, त्यांना सोडून देणं ही बेइमानी झाली असती. पण सुरुवातीला काही महिने गुप्तता समजू शकते, दोन वर्षं नाही. लोकांना असं नंतर कळलं की पुढच्या वेळी सरकारने दिलेल्या खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

इथे मला १९७१ आठवतं. एक कोटीच्या आसपास माणसं पूर्व पाकिस्तानातून भारतात आली. आपला देश तेव्हा श्रीमंत नव्हता. सरकारने नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं, त्यावर ‘शरणार्थी सहायता’ असं छापलेलं. सुरुवातीला खास तिकीट तयार नव्हतं म्हणून कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच इंग्रजीत शिक्का मारून चालवलं. आजी-आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या पाकिटांवर तुम्हीही ते बघितलं असेल. लोकांनी कुरकुर केली नसेल असं नाही. पण आपण कशासाठी आणि किती देतोय हे प्रत्येकाला पत्र टाकताना दिसत होतं, आणि मार्च १९७३ अखेर ते बंद झालं.

ब्रिटनमध्ये उलटं झालं. आश्रयार्थींच्या देशांतर्गत खर्चाचा मोठा भाग परदेशी मदतीच्या खात्यातून गेला. नियमात ते बसतं. पहिल्या बारा महिन्यांचा खर्च मदत म्हणून दाखवता येतो. २०२३ मध्ये त्या खात्यातले ४.३ अब्ज पाउंड, म्हणजे एकूण परदेशी मदतीच्या २८ टक्के, ब्रिटनमध्येच खर्च झाले. गरीब देशांत दवाखान्याला जायचा पैसा इथल्या हॉटेलमालकाला गेला, आणि करदात्याला वाटत राहिलं की सरकार परदेशात पैसे वाटतंय. ताकाला जाऊन भांडं लपवलं की असंच होतं.

आता माझ्या टेबलावरचं. हॉटेलचं बिल कौन्सिल भरत नाही, ते गृहखातं भरतं. आमच्याकडे प्रश्न येतो तो होकार मिळाल्यावर. माणसाला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की आनंदाच्या पत्रामागोमाग दुसरं पत्र येतं, २८ दिवसांत जागा सोडा. मध्यंतरी प्रयोग म्हणून ही मुदत ५६ दिवस केली होती, मग एकट्या प्रौढांसाठी पुन्हा २८ वर आणली. आता दुसऱ्या खात्याचा नियम बघा. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता, त्याचा पहिला हप्ता मिळायला पाच आठवडे लागतात, म्हणजे ३५ दिवस. २८ व्या दिवशी खोली गेली, ३५ व्या दिवशी पैसे येणार, आणि मधल्या सात दिवसांत अनामत रक्कम, एक महिन्याचं भाडं आणि जामीनदार कुठून आणायचा? तो माणूस पिशवी घेऊन आमच्या काउंटरवर येतो. बरोबर लहान मूल असलं तर कायद्याने आम्हाला त्या रात्री छप्पर द्यावंच लागतं, आणि त्या रात्री छप्पर म्हणजे बहुधा एखादं स्वस्त हॉटेलच. गृहखात्याच्या हिशेबात एक माणूस कमी झाला, तो आमच्या हिशेबात उगवला. सरकारचा खर्च ‘कमी झाला’ अशी बातमी वाचली की मी आधी बघते, तो कुणाच्या पुस्तकात गेला.

मुलांचंही तसंच आहे. आईबापांशिवाय आलेल्या अल्पवयीन मुलासाठी गृहखातं गेली काही वर्षं कौन्सिलला साधारण रात्रीला १४३ पाउंड देतं, म्हणजे आठवड्याला हजार. मूल अठरा वर्षांचं झालं की ते आठवड्याला २७० होतात. कायद्याने आमची जबाबदारी त्यानंतरही काही ना काही प्रमाणात राहते, पंचविशीपर्यंत. त्यामुळे आमच्या खात्यात मुलांच्या वाढदिवसांची एक यादी असते आणि ती हिशेबवालेच जास्त बारकाईने वाचतात. मला ते आवडत नाही, पण वस्तुस्थिती आहे.

हे सगळं गावागणिक बदलतं, हेही सांगायला हवं. कंत्राटदार स्वस्त घरं शोधतो, म्हणून स्टोक, मिडल्सबरो, रॉचडेल अशा गावांवर वर्षानुवर्षं जास्त भार पडला आणि श्रीमंत गावं कोरडी राहिली. तिथला माणूस जेव्हा म्हणतो की डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, शाळेत जागा नाही, आणि आम्हाला कुणी विचारलंही नाही, तेव्हा त्याला लगेच वंशद्वेषी ठरवणं मला पटत नाही. विचारलं नव्हतं हे खरंच असतं. रातोरात हॉटेल बुक होतं आणि कौन्सिलला कधी कधी एकदोन दिवस आधी कळतं. लंडनजवळच्या एपिंग गावातल्या बेल हॉटेलवरून २०२५ च्या उन्हाळ्यात जे पेटलं, मोर्चे निघाले, कौन्सिल कोर्टात गेली, हायकोर्टाने मनाई दिली आणि काही दिवसांत अपील कोर्टाने ती उठवली, त्याला निमित्त एका आश्रयार्थीवर दाखल झालेल्या गुन्ह्याचं होतं. पण साठलेली वाफ ही ‘आम्हाला विचारलं नाही’ची होती. त्या वाफेवर स्वतःची भाकरी भाजून घेणारेही तिथे पोचले, तेही तितकंच खरं.

याच देशात युक्रेनमधून दोन लाखांहून जास्त लोक आले. त्यांच्यावरून असे मोर्चे निघाले नाहीत. रंगामुळे, असं पटकन म्हणता येतं, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण हिशेबाच्या बाजूनेही बघा. ते व्हिसा घेऊन आले, पहिल्या दिवसापासून काम करू शकत होते, बरेचसे कुणाच्या तरी घरी राहिले. घर देणाऱ्याला महिन्याला ३५० पाउंड मिळत होते आणि कौन्सिलला सुरुवातीला माणशी १०,५०० पाउंड, पुढे ५,९००. पैसा दिसत होता, आणि तो शेजारच्या बाईला मिळत होता. त्यातही कटकटी झाल्या, घरमालकाशी पटेना म्हणून कुटुंबं आमच्याकडे बेघर म्हणून आली. पण एक रात्र १४५ पाउंडांचा मामला तिथे सहसा झाला नाही. त्याच कौन्सिली, तोच देश, जवळपास तीच वर्षं.

तर बरोबर कोण? आश्रय द्यावा, अर्जाचा निकाल काही महिन्यांत लावावा, होकार असेल त्याला लगेच कामाला लागू द्यावं आणि नकार असेल त्याला खरोखर परत पाठवावं, असं माझं मत. शेवटचा भाग मंडळातल्या माणुसकीवाल्यांना आवडणार नाही. पण नकाराला काही अर्थच उरला नाही तर होकारावरही लोकांचा विश्वास बसत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं, त्याला माझी हरकत नाही. फक्त ‘खर्च फार होतो’ हे त्याचं कारण देऊ नका. तो खर्च कसा वाढला ते वर सांगितलं. आणि आकाराचं भानही ठेवा. २०२४-२५ चा आश्रयाचा एकूण खर्च पावणेपाच अब्ज पाउंडांच्या आसपास, आणि सरकारचा सगळा खर्च १,२०० अब्जांच्या वर. शंभर पाउंडांत चाळीस पेन्सही नाहीत. तुमचा सरचार्ज त्या हॉटेलात जात नाही, तो आरोग्यसेवेसाठी आहे. तुमच्यावर त्या अटी लादणाऱ्यांनी आश्रयार्थींना विचारून त्या लादलेल्या नाहीत. त्यांच्यावरही कामबंदी लादणारं खातं तेच आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘आपण व्हिसावाले, आपल्या बोलण्याला कोण विचारतं?’ इथे तुम्हाला एक माहिती देते, जी आपल्या बऱ्याच लोकांना नसते. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचा असल्यामुळे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असताना मतदार होऊ शकतो, कौन्सिलसाठीही आणि संसदेसाठीही. व्हिसावर असलात तरी. नाव नोंदवलं नसेल तर आधी ते करा. मतदार झालात की दरवर्षी उन्हाळ्यात कौन्सिलचे हिशेब तीस कामकाजाचे दिवस उघडे असतात, तेव्हा तुम्हाला ते तपासता येतात आणि बाहेरच्या ऑडिटरला प्रश्न विचारता येतात, आक्षेपही घेता येतो. आमच्याकडे वर्षात मोजकेच लोक येतात. आलेच तर बहुधा पार्किंगच्या दंडाबद्दल.

तुम्ही गेलात तर ‘तात्पुरता निवारा’ या मथळ्याखालची बिलं मागा. कोणत्या हॉटेलला रात्रीचा काय दर दिला आणि सरासरी किती रात्री, हे दोन आकडे पुरेत. तुमच्या जवळच्या त्या हॉटेलचं बिल मात्र तिथे मिळणार नाही, ते गृहखात्याच्या दप्तरात. त्यासाठी माहिती अधिकारात साधा ईमेल चालतो, फी नाही, आणि वीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकट्या हॉटेलचा दर विचारलात तर ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून नाकारतील. तुमच्या विभागातल्या सगळ्या हॉटेलांचा मिळून सरासरी दर विचारा. शिवाय या कंत्राटांत ठराविक मर्यादेपलीकडचा नफा कंपनीने सरकारला परत करायचं कलम आहे, आणि ती वसुली वर्षानुवर्षं रेंगाळल्याबद्दल संसदेच्या समितीने गृहखात्याचे कान उपटलेत. तेव्हा त्याच अर्जात, तुमच्या विभागाच्या कंत्राटदाराकडून त्या कलमाखाली आजवर किती रक्कम परत आली, हेही विचारून टाका.